चाळीस नाण्यांवर माह्यं नाव

संपादक ताईचा फोन आला. म्हणे, "प्रज्ञा, दिवाळी अंकात दरवर्षी कोणीतरी आपल्या कामाचे अनुभव लिहिते, सगळे रिटायर लोकं असतात. यंदा तू लिही." मी म्हटलं, ताई, मी सव्वीस वर्षांची हाय. पण चांदीच्या काउंटरवर सहा वर्षांत माह्यं डोकं जेवढं उठलं ना, तेवढं रिटायर माणसाचंबी उठलं नसन. तं हे घ्या. मेडशी ते मालेगाव एसटीत बसून मोबाइलवर टाइप करून राह्यली, खड्डा आला की दोन अक्षरं जास्तीचे पडतात, तेवढे काढून टाकजा. न् एक सांगतो, आमच्याकडं पोरीबी 'मी येतो, मी जातो'च म्हणतात. थे सुधरवू नका बाप्पा.

मी वाशिमकडच्या मालेगावात एका सराफाच्या दुकानात चांदीचे नाणे विकतो. सोनं माह्याकडं नाई. पैंजण, जोडवे, समया माह्याकडं नाई. निरे नाणे. पाच ग्रॅम, दहा ग्रॅम, वीस, पन्नास. नाणं म्हटलं की लोकांले बाजारात चालते थे वाटते. हे चालत नाई. याच्यानं तुमाले आलुबोंडाबी भेटत नाई. हजारातले नऊशे नव्याण्णव भाग चांदी असलेलं गोल बिस्कीट हाय हे, घेऊन ठेवाचं, भाव चढला की विकाचं. एवढंच हाय. याच्यात न समजण्यासारखं काय हाय, मले सांगा!

पण नाई. लोकांले सोप्पं काई आवडतच नाई.

आमच्याच गावच्या एक मावशी. धनतेरसले नाणं नेलं, होळीले परत घेऊन आल्या. काउंटरवर आपटलं.

"काय वं प्रज्ञे, मायच्या वळखीची म्हणून तुह्याकडून घेतलं, न् तू नकली देल्लं?"

"काय झालं मावशी?"

"काळं ठिक्कर पडलं!"

"मावशी, काळी पडते तीच खरी चांदी."

"मंग माह्या देराच्या बायकोचं काहून नाई पडलं? तिनं यात्रेतून आणलं, अजून चकाचक हाय."

"कारण थे चांदीचं नाई."

बस. हे बोलाले नाई पाह्यजे होतं. दुसऱ्या दिवशी देराची बायको हजर, न् तिले बोट धरून आणणारी कोण? मावशीच. दोघी मिळून माह्यावरच सुरू. एक म्हणे माहं खोटं काहून म्हटलं, दुसरी म्हणे माहं काळं काहून देल्लं. एक तास!

दुसरी जात घासणाऱ्यांची. दरवर्षी धनतेरसले नाणं काढतात, चिंच लावतात, राख लावतात, न् घासतात. कढई घासल्यासारखं घासतात. पंधरा वर्षांनी विकाले आणतात तेवा लक्ष्मीचा चेहरा सपाट, बाजूचा गणपती वळखू येत नाई, न् वरून मलेच विचारतात, "वजन कमी कसं भरलं? काटा बरोबर हाय ना तुमचा?"

न् तिसरी जात, रील पाह्यलेल्यांची. हे माह्या वयाचे, म्हणून याहीचा राग जास्त येते. एक भाऊ रसवंतीवरून बर्फाचा गोटा घेऊन आला न् सरळ नाण्यावर ठेवला. म्हणे खऱ्या चांदीवर बर्फ भरभर वितळते. खरं हाय थे, वितळते. पण भाऊ, मे महिन्यात मालेगावात बर्फ कशावरबी भरभर वितळते! शेठचं बिलबुक ओलं, माह्यी ओढणी ओली, न् भाऊनं नाणं घेतलंच नाई. म्हणे, "भाव उतरू द्या, मंग येतो." भाव उतरला तेवा आला का? नाई. भाव चढल्यावर आला, धावत. सगळे असेच. चढला की घ्याले रांग, उतरला की विकाले रांग. मी रोज घसा फोडतो की उलटं करा, उलटं करा. कोणी आयकत नाई.

पण हे सगळे परवडले. ज्या माणसासाठी मी हे लिहाले बसली त्याचं नाव सुखदेव काका. जऊळक्याचे. शाळेत शिपाई होते, आता पेन्शनवर. बारीक अंगकाठी, शर्टाच्या खिशाले दोन पेन, न् बोलणं असं की जसं काई दाखल्यावर सही करून राह्यले.

पयल्यांदा आले थे बरोब्बर धनतेरसच्या दिवशी. आता धनतेरसले माह्यं काउंटर म्हणजे पोहरादेवीची यात्रा समजा. सोयाबीनचे पैसे हातात आलेले, सगळा तालुका दुकानात. त्या गर्दीत काका एकदम शांत उभे. म्हणे, "ताई, लक्ष्मीचं नको. आमच्या घरी लक्ष्मी नाई पुजत. दुसरं काई हाय का?"

मले बरं वाटलं, खोटं कायले सांगू. आमच्याबी घरी बुद्धवंदना असते, लक्ष्मीपूजन नाई. माह्यी माय म्हणते, धनतेरस आपली नसली तरी चांदी आपली असू शकते. मी झाडाचं नाणं काढून देल्लं. एका अंगाले झाड, दुसऱ्या अंगाले नुसतं वजन न् शुद्धता, बाकी कोरं.

आता इथं पाकिटाचं सांगाच लागते, नाई तं पुढचं समजनार नाई. हे नाणं एका कडक प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद येते, पाकिटावर नंबर असते. पाकीट साबूत असलं की आमी विचारत नाई, तपासत नाई, त्या दिवसाच्या भावानं वापस घेतो, कारण दुसऱ्या गिऱ्हाईकाले तसंच विकता येते. पाकीट फोडलं की संपलं. आत खरं थेच नाणं हाय का, का बदललं, कोण सांगनार? मंग त्याले आमी मोड म्हणतो, म्हणजे जुनी चांदी, गाळाची. मोडीत भाव कमी भेटते. एवढी साधी गोष्ट हाय न् हे मी प्रत्येकाले सांगतो. काकालेबी सांगतलं.

काकानं पाकीट उलटं-पालटं केलं. "म्हणजे मी वापस आणलं तं तुमी घेसान?"

"हो काका."

"पण हेच नाणं माह्यं हाय हे कशावरून?"

"नंबर हाय ना पाकिटावर."

"नंबर पाकिटाले हाय. नाण्याले कुठं हाय?"

मांगून लोकं ओरडून राह्यले. एक काकू म्हणे माह्यं आटोपा आधी, गाडी हाय माह्यी.

"काका, तुमच्या घरून कोण बदलनार हाय?"

"घरचं नाई म्हणत मी. उद्या तुमी दहा जणांचे नाणे एका ताटात ठेवले, तं माह्यं कोणतं? वळखाचं कसं?"

"कायले वळखाचं? सगळे सारखेच हायेत!"

"सारखे हायेत म्हणूनच तं विचारून राह्यलो ताई."

चार वेळा. एकच प्रश्न चार वेळा! न् पाचव्यांदा माह्यं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "मंग नाव टाकून घ्या ना काका त्याच्यावर!"

काका थांबले. मान हालवली. खिशातून पैसे काढले, नाणं घेतलं, गेले. मले वाटलं, सुटली बाबा.

त्याच्यानंतर काका दर महिन्याले येत. पेन्शन निघाली की जऊळक्याहून मालेगाव, दहा ग्रॅमचं एक झाडाचं नाणं, न् चालले. भाव चढला तरी एक, उतरला तरी एक. मी दुसऱ्या गिऱ्हाईकांले त्याहीचं उदाहरण द्याची! "पाहा, गुंतवणूक अशी करा, जऊळक्याच्या काकासारखी." शेठ सुद्धा त्याहीले चहा सांगत. आमच्या दुकानात चहा फक्त सोन्याच्या गिऱ्हाईकाले असते, हे लक्षात घ्या.

काका कोणासाठी जमवत होते थे मले माहीत होतं. त्याहीची पोरगी अस्मिता. रक्त तपासाचा कोर्स केलेली, वाशिमले एका लॅबमधी दुसऱ्याच्या हाताखाली कामाले. तिले गावात स्वतःची छोटी लॅब टाकाची होती. "जऊळक्याच्या माणसाले साखर तपासाले बस नाई तं रेल्वेगाडी धरा लागते ताई," काका म्हणत. "उपाशीपोटी. म्हातारे लोकं चक्कर येऊन पडतात स्टेशनवर."

असं तीन वर्षांच्या वर चाललं, न् यंदा चांदीनं तोंड वर केलं. असं वर केलं की शेठ सकाळी भाव पाहून दोनदा चष्मा पुसत. मी काकाले म्हटलं, विकाचं असन तं आता विका. योगायोग असा की अकोल्याले एका डॉक्टरची रक्त तपासाची जुनी मशीन विकाले निघाली. अस्मिता पाहून आली, चांगली होती. डॉक्टर म्हणे शनिवारपर्यंत थांबतो, मंग दुसऱ्याले देतो. काकाच्या नाण्यात तिची किंमत बरोबर बसत होती. काठोकाठ.

काका मंगळवारी आले. हातात स्टीलचा डबा. काउंटरवर ठेवला न् आवाज झाला, खळ्ळ.

पाकिटं खळ्ळ करत नाई. पाकिटं फसफस करतात.

झाकण उघडलं. चाळीस नाणे. सुटे. नागडे. एकबी पाकीट नाई.

"काका, पाकिटं कुठं हायेत?"

"फोडले. फोडल्याशिवाय नाव कसं टाकता येईन?"

मी एक उचललं. झाडाच्या मांगच्या कोऱ्या जागेवर, बारीक बारीक ठिपक्यांनी, आठवडी बाजारात भांड्यावर नाव टाकणारा बसते ना मशीन घेऊन, किर्रर्र करत, तगारी, गंज, डबे, सगळ्यावर नाव टाकते, त्या मशीननं कोरलेलं:

सु. मा. वानखडे, जऊळका. साक्षीदार: प्रज्ञा, मेडशी.

दुसरं उचललं. साक्षीदार: प्रज्ञा, मेडशी. तिसरं. साक्षीदार: प्रज्ञा. चाळीसच्या चाळीस!

"काका, हे काय केलं तुमी!"

"तूच तं म्हटलं नाव टाकून घ्या."

"पण माह्यं काहून टाकलं?"

"तुह्यासमोर घेतलं ना? मंग साक्षीदार कोण? कागदावर साक्षीदार लागते, तं याच्यावर नाई लागनार?"

मी काई बोलणार तेवढ्यात शेठ आले. डब्यात पाह्यलं. एक नाणं डोळ्याजवळ नेलं. वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं. न् मंग माह्याकडं असं पाह्यलं की जसं काई मी दुकानात माह्या नावाची टाकसाळ उघडली.

"हे तुह्यं नाव काय करून राह्यलं याच्यावर?"

"शेठ, थे साक्षीदार—"

"साक्षीदार? नाण्यावर? तू बाहेर तुह्या नावानं नाणे विकून राह्यली का?"

सहा वर्षं! सहा वर्षं एक रवा इकडचा तिकडं नाई केला मी, न् हे आयकाले भेटलं! मी रडलीबी न् भांडलीबी, एकाच वेळी. काका मधे पडले, "शेठ, पोरगी सच्ची हाय, म्हणून तं तिचं नाव टाकलं." त्यानं अजूनच बिघडलं.

शेवटी शेठ शांत झाले न् धंद्यावर आले. म्हणे, हे मी असं कोणाले विकू? वानखडेचं नाव असलेलं नाणं पाटील घेईन का? गाळाच लागते. मोडीचा भाव लागन. कॅल्क्युलेटरवर बोटं आपटले न् आकडा दाखवला.

अस्मिताची मशीन त्या आकड्यात येत नव्हती. बरीच दूर राह्यत होती.

काकानं आकडा पाह्यला. आरडाओरडा नाई केला, तेच मले जास्त लागलं. डब्याचं झाकण लावलं न् म्हणे, "नाव टाकलं म्हणून किंमत कमी. नाव नसतं तं जास्त. हे कोणतं धोरण हाय?"

तेवा मी शेठले खरं सांगून टाकलं. त्या धनतेरसले माह्यं डोकं फिरलं होतं, नाव टाकून घ्या हे मीच बोल्ली, न् काकानं थे सरकारी आदेशासारखं पाळलं. चूक माह्यी हाय. शेठ म्हणे, "तू बोल्ली, तं तूच निस्तर." पण एवढंबी म्हणे की चांदी शुद्ध असल्याची चिठ्ठी आणली तं पाहू.

चिठ्ठी म्हणजे टंचाची. चांदी किती शुद्ध थे टंच. वाशिमले त्याची मशीन हाय, डब्यासारखी, आत नाणं ठेवलं की न गाळता, न कापता, किती टक्के थे कागदावर निंघते. आमच्या दुकानात नाई, शेठले महाग वाटते. तं बुधवारी मी सुट्टी टाकली न् काका न् मी न् डबा, तिघं एसटीनं वाशिमले निघालो. डबा काकाच्या मांडीवर, वर रुमाल, रुमालावर दोन्ही हात. कंडक्टर म्हणे, "बाबा, काय हाय, लाडू?" काका म्हणे, "नाई, कागदपत्रं हायेत."

मी सगळा रस्ता माफी मागत होती. काका आयकून घेत होते. मंग म्हणे, "ताई, शाळेत पोषण आहाराच्या तीनशे ताटल्या होत्या. माह्या ताब्यात. शेजारच्या शाळेच्या दरवर्षी गायब व्हाच्या. लग्नात जात, तेराव्यात जात, वापस येत नसत. मी आल्याबरोबर सगळ्यावर नाव टाकून घेतलं. रिटायर झालो तेवा तीनशे मोजून देल्ल्या. एकबी कमी नाई. आता तू सांग, नाव टाकणं चूक कसं?"

काकाच्या जगात नाव नसलेली वस्तू म्हणजे हरवलेली वस्तू. माह्या धंद्यात नाव असलेली वस्तू म्हणजे विकता न येणारी. दोघंबी बरोबर न् मधात अस्मिताची मशीन अडकलेली. न् शनिवार येऊन राह्यला.

टंचवाल्यानं पयलं नाणं पाह्यलं न् हसला. "प्रज्ञा कोण?"

"मी."

"कंपनी काढली का ताई?"

"तुमी मशीन सुरू करा ना भाऊ!"

एक एक करून चाळीस नाणे लावले. मी प्रत्येक वेळी श्वास रोखाची, जसं काई परीक्षेचा निकाल लागून राह्यला. काका मात्र निवांत. एकदाच म्हणे, "घाबरते कायले? साक्षीदार तू हाय ना?" चाळीसच्या चाळीस खरे निंघाले. चिठ्ठी घेतली. मी तिथंच बसून एक ग्लास पाणी पेली.

गुरुवारी शेठनं चिठ्ठी वाचली, दोन फोन केले, हूं हूं केलं. मोडीचा भाव नाई लावला. शुद्ध चांदीचा लावला, फक्त गाळाचा खर्च कापला. तरी काठोकाठचं गणित होतं ना, थोडे कमी पडलेच. मी म्हटलं, काका, थे माह्या पगारातून घ्या, माह्या तोंडामुळं झालं. काका एकदम ताठ झाले. म्हणे, "साक्षीदाराले दंड नसते ताई."

अस्मितानं अकोल्याच्या डॉक्टरले फोन करून राह्यलेले पैसे पुढच्या महिन्यावर मागितले, डॉक्टर भला माणूस, हो म्हणे. शनिवारी मशीन टेम्पोत बसून जऊळक्याले आली. नाणे गाळाले अकोल्याले गेले. म्हणजे माह्यं नाव चाळीस वेळा वितळलं. असं कोणाच्या नशिबात येत नसन, न् येऊबी नये.

लॅब उघडली तेवा मी गेली. खोली लहान, भिंतीले नवा रंग, बाहेर सकाळी सकाळी चार म्हातारे उपाशीपोटी बसलेले, पण स्टेशनवर नाई, आपल्याच गावात, एकमेकाची मस्करी करत. अस्मितानं माह्यंबी रक्त काढलं. हिमोग्लोबिन कमी निंघालं. मी म्हटलं, निंघनारच, गिऱ्हाईकांनी आटवलं. मशीनच्या बाजूले ठिपक्या ठिपक्यांनी कोरलं होतं, मले वाचाचीबी गरज नव्हती: सु. मा. वानखडे, जऊळका.

आता आयका. मांगच्या महिन्यात पेन्शन निघाली न् काका पुन्हा काउंटरवर. म्हणे, एक झाडाचं दे, अस्मिताले दुसरी मशीन लागन चार-पाच वर्षांनी. मी नाणं देल्लं, पण हात धरून, डोळ्यात डोळे घालून सांगतलं. काका, पाकीट फोडाचं नाई. नाण्याले हात लावाचा नाई. नाव टाकाचं नाई. बोला माह्या मांगं! काका बोलले. शेठ साक्षी होते.

कालच काका दुकानावरून जात होते, मुद्दाम आत आले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून पाकीट.

"पाह्य ताई, तू म्हटलं तसंच केलं. फोडलं नाई. नाण्याले बोटबी नाई लावलं."

मी पाकीट उजेडात धरलं. कडक प्लास्टिकवर, सीलच्या बरोब्बर वरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बारीक बारीक ठिपके. न् प्रत्येक ठिपक्याले आरपार छिद्र.

सु. मा. वानखडे, जऊळका. साक्षीदार: प्रज्ञा, मेडशी.

काका हसून माह्याकडं पाहून राह्यले होते, शाबासकीची वाट पाहत. मी पाकीट वापस त्याहीच्या रुमालात ठेवलं, नीट घडी घातली, न् शेठले म्हटलं, "शेठ, काकाले चहा सांगा. न् थे टंचाची मशीन तुमी आता घेऊनच टाका."